बाजार उघडला 1994 ला, स्वस्ताई आली नंतर

सरकारने मोबाइलचं क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं आणि फोन लगेच स्वस्त झाला, असं सर्रास सांगितलं जातं. घडलं तसं नाही. 1994 च्या दूरसंचार धोरणानंतर प्रत्येक सर्कलमध्ये, म्हणजे परवाना क्षेत्रात, जास्तीत जास्त दोनच कंपन्यांना परवाने मिळाले. मावळातलं इंदुरी गाव ज्या महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं, तिथे त्या होत्या बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल. गर्दीच्या वेळी मिनिटाला 16 रुपये 80 पैसे लावायची मुभा होती आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. नंबर बघून फोन कट करायचा आणि पीसीओवरून उलट लावायचा, ही तेव्हाची रीत. कंपन्यांनी मोठमोठ्या बोली लावून परवाने घेतले होते. ग्राहक येवोत न येवोत, ठरलेलं शुल्क भरावंच लागे. मग दर उतरवणार कोण?

चुरस लागली ती नियम बदलल्यावर. 1999 पासून ठोक शुल्काऐवजी सरकार उत्पन्नातला वाटा घेऊ लागलं. 2001 मध्ये भारतीला (एअरटेल) महाराष्ट्राचा चौथा परवाना मिळाला, 2002 मध्ये तिसरा परवाना असलेली सरकारी बीएसएनएल उतरली, पाठोपाठ रिलायन्स आली. मे 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं.

परवाना घेतला की गावोगाव सेवा द्यावीच लागते, हाही समज चुकीचा. सुरुवातीच्या परवान्यांतली अट होती तीन वर्षांत निम्म्या जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोहोचण्याची. खेडी त्यात नव्हतीच. डोंगराआडच्या वाड्यांवर मुळात हा अन्यायच होता.

एका टॉवरवर एकच कंपनी असते, असंही नाही. ग्राहकांसाठी झगडणाऱ्या एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाने 2007 मध्ये टॉवर वाटून वापरण्यासाठी मिळून इंडस टॉवर्स ही कंपनी काढली.

कंपनी सोडली की नंबर गेला, अशी धास्ती काहींना अजून वाटते. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. आधी ही सोय सर्कलच्या आतच होती. मुंबईचं सर्कल वेगळं असल्यामुळे इंदुरीहून नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या माणसाला, राज्य एकच असूनही, नंबर सोबत नेता येत नसे. जुलै 2015 मध्ये ती अडचण दूर झाली. ग्राहकाचं खरं बळ या हक्कात आहे, आणि तो बजावायला हवा. कंपनीकडे किमान 90 दिवस झाले असतील आणि बिल थकलेलं नसेल, तर निव्वळ ग्राहक हातचा जातोय म्हणून तिला अर्ज अडवता येत नाही.