थेट तास की सवडीचा धडा?

ऑनलाइन संवाद दोन तऱ्हांचा असतो. झूम किंवा गूगल मीटवर सगळ्यांना एकाच वेळी हजर राहावे लागते. व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप किंवा रेकॉर्ड केलेला धडा ज्याने-त्याने सवडीने ऐकायचा असतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्यावर अनेक ठिकाणी वर्गच जसाच्या तसा पडद्यावर आणला गेला. पण मौद्यासारख्या धानाच्या पट्ट्यात जुलै म्हणजे रोवणीचा हंगाम. घरातला एकुलता स्मार्टफोन वडिलांसोबत बांधीवर गेला, की अकराचा थेट तास मुलासाठी झालाच नाही. तोच धडा फोनमध्ये साठवलेला असेल, तर रात्री जेवणानंतर पाहता येतो, अडलेले गणित थांबवून पुन्हा ऐकता येते. शिवाय तासाभराचा व्हिडिओ कॉल सहज अर्धा जीबी डेटा खातो. आवाजी निरोपाला त्याचा लहानसा अंश पुरतो.

सवडीचे काम मागे पडते, मूल एकटे पडते, शंका तशीच राहते, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय रोजचा थेट तास नव्हे, तर दोन्हींची वाटणी. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. तिथे पुस्तक घरी वाचायचे आणि शंकांसाठी अभ्यासकेंद्रावर यायचे, अशी वाटणी आहे. घरून चालणाऱ्या कार्यालयालाही हीच वाटणी लागू पडते: माहिती लेखी कळवावी, वाद आणि अडचणी समोरासमोर सोडवाव्यात. म्हणून शिक्षकांनी धडा आधी पाठवावा, उत्तराची मुदत ठरवून द्यावी आणि आठवड्यातला एक थेट तास फक्त मुलांच्या प्रश्नांसाठी राखावा.