मोटारीचा सुटा भाग : अस्सल, पर्यायी की बनावट?

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. वर्षानुवर्षे काबाडकष्ट करून त्यांतील काहींनी एखादी मोटार, बहुधा जुनी, घेतली आहे. लग्नसराईत व सणासुदीला ती बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर या मार्गाने धुळ्याकडे निघते. वाटेत कोंडाईबारीचा घाट लागतो. जाताना तो चढावा लागतो, परतताना उतरावा लागतो. सुट्या भागांविषयी आज आम्ही लिहावयास बसलो आहोत, ते या उतरणीमुळेच.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका लग्नाहून परतत होतो. मोटारीत मुलांसह पाच माणसे होती. घाटाच्या मध्यावर जळकट वास येऊ लागला आणि ब्रेक दाबूनही गाडी हवी तशी आवरेना. चालकाने प्रसंगावधान राखून खालचा गिअर टाकला व गाडी कडेला घेतली, म्हणून निभावले. पुढे एका मिस्त्रीने चाक उतरवून दाखविले, तेव्हा दोन महिन्यांपूर्वीच बसविलेल्या ब्रेक पॅडचा थर तडकून लोखंडी पट्टीपासून सुटू लागला होता. ते पॅड आम्हीच स्वस्तात मिळाले म्हणून घेतले होते. खोक्यावर नाव मोठ्या कंपनीचे होते; आतला माल मात्र कोणाचा, हे देवालाच ठाऊक!

त्या दिवसापासून आम्ही या विषयाची थोडी चौकशी केली. पहिली गोष्ट उमगली ती ही की, 'कंपनीचा' आणि 'बाहेरचा' असे दोनच प्रकार मानणे ही चूक आहे. मोटार बनविणारा कारखाना आपल्या गाडीचे सगळे भाग स्वतः घडवीत नाही. बंगळुरात १९५१ साली स्थापन झालेली बॉशची भारतीय कंपनी किंवा चेन्नईजवळच्या पाडी येथील १९६१ सालची लुकास-टीव्हीएस, यांसारखे कारखाने मोटार कंपन्यांना भाग पुरवितात आणि स्वतःच्या नावाच्या खोक्यातूनही बाजारात विकतात. अशा भागाची किंमत पुष्कळदा कमी असते व दर्जा विश्वासाचा असतो. तिसरा प्रकार स्वतंत्र कारखानदारांचा. त्यांत चांगलेही आहेत, सुमारही आहेत. चौथा प्रकार म्हणजे दुसऱ्याचे नाव चोरून विकलेली नक्कल. स्वतःच्या नावाने स्वस्त माल विकणारा निदान आपली जबाबदारी लपवीत नाही. नक्कल करणारा ती आरंभीच झटकतो.

मग निवड कशी करावी? आमचा नियम साधा आहे. भाग हाती घेऊन स्वतःला विचारावे : हा ऐन वेळी दगा देईल, तर काय होईल? ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, टायर, एअरबॅग यांनी दगा दिला तर जिवावर बेतते. येथे मोटार कंपनीचा वा तिला माल पुरविणाऱ्या कारखान्याचाच भाग घ्यावा. पैसे नसतील तर प्रवास लांबणीवर टाकावा. टायमिंग बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडण्याचा मोठा खर्च अंगावर येतो. ऑइल फिल्टर हलका निघाला तर इंजिनाची झीज नकळत होत राहते. येथेही नामांकित कारखान्याचाच माल बरा. परंतु वायपरचे रबर, पायपुसणी, आरशाचे कवच, दाराचे हँडल अशा वस्तूंसाठी दुप्पट किंमत मोजण्याचे कारण नाही. तेथे वाचविलेला पैसा ब्रेकसाठी उपयोगी पडतो.

जुन्या गाड्यांतून काढलेल्या भागांविषयी सुरतकरांनी विशेष सावध असावे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा फार मोठा भाग बुडाला. पुराच्या पाण्यात राहिलेला स्टार्टर, अल्टरनेटर किंवा वायरिंग वरून पुसून चकचकीत करता येते. आतला गंज मात्र पुढे डोके वर काढतो.

कोणी म्हणतील, "बाहेरचा भाग बसविला किंवा बाहेर दुरुस्ती केली, तर वॉरंटी जाते." या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश जाणून घेण्यासारखा आहे. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजात काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, सदोष दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही त्यात म्हटले होते. कंपन्यांनी या आदेशाविरुद्ध अपिले केली. म्हणून वॉरंटीचा कागद स्वतः वाचून घेणे शहाणपणाचे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केले, त्यातही मोटारींचा समावेश आहे.

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. भागाचा क्रमांक गाडीच्या पुस्तिकेशी वा जुन्या भागाशी ताडून पाहावा. छपाई पुसट, अक्षरे चुकलेली, किंमत नवलाईची कमी असल्यास माल परत करावा. पक्के बिल घ्यावे. बिल नाही म्हणणाऱ्याकडे तक्रारही चालत नाही. आणि काढलेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावा, म्हणजे नवा खरोखर बसला की नाही, हे कळते.

घाटात आम्ही वाचविलेले पैसे पाचशेही नव्हते. मागच्या आसनावर झोपलेल्या मुलांकडे पाहताना त्या बचतीची आम्हाला जी लाज वाटली, ती वाचकांवर कधी न येवो.