मेन्यू न उघडता दिलेला हुकूम

काशीमीरा नाका मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे. इथल्या एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालवाहतुकीच्या पावत्या, करणारा कारकून दृष्टिहीन आहे, असं समजू. पडद्यावरचं सगळं त्याला स्क्रीन रीडर बोलून दाखवतो. बिल्टी छापण्याचा पर्याय मात्र मेन्यूत तीन पातळ्या खाली दडलेला. शेजारचा डोळस सहकारी माउसने तिथे क्षणात पोचतो. याला आल्टची कळ दाबून मेन्यू उघडायचा, बाणाच्या कळीने एकेक ओळ उतरायची, प्रत्येक ओळ ऐकायची, उपमेन्यूत शिरून पुन्हा तेच. एका बिल्टीपुरतं हे खपून जातं, दिवसभराच्या कामाला पुरत नाही.

अशा वेळी उपयोगी पडते ती स्क्रिप्ट, म्हणजे स्क्रीन रीडरलाच शिकवलेली छोटीशी आज्ञावली. मोटारसायकल शर्यतींत धावणारे टेड हेंटर यांची दृष्टी 1978 मध्ये अपघातात गेली. त्यांच्या कंपनीने घडवलेल्या ‘जॉज’ या स्क्रीन रीडरला स्वतःची स्क्रिप्ट भाषा आहे. ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर मायकेल करन या ऑस्ट्रेलियन दृष्टिहीन तरुणाने 2006 मध्ये सुरू केला. तो पायथन या संगणकभाषेत लिहिलेला आहे, त्याच्या स्क्रिप्टही पायथनमध्येच लिहितात आणि सोबतच्या आवाजात तो मराठीही वाचतो. दोन्हींची रीत सारखी: ज्या प्रोग्रॅमसाठी स्क्रिप्ट असेल, त्याचंच नाव तिच्या फाइलला द्यायचं. तो प्रोग्रॅम समोर आला की स्क्रिप्ट आपोआप जागी होते.

मग एका कळीवर मेन्यूतला हुकूम सोडायचा कसा? सोपी वाट म्हणजे माणसाने दाबल्या असत्या त्याच कळा स्क्रिप्टने भराभर दाबायच्या. पण मेन्यू उघडायला जरा उशीर झाला, तर पुढची कळ भलतीकडेच जाते. नव्या आवृत्तीत मेन्यूचा क्रम बदलला, तर ‘छापा’ऐवजी ‘पुसा’वर बोट पडायचं.

दुसरी वाट खालून जाते. विंडोजच्या पारंपरिक मेन्यूत प्रत्येक पर्यायामागे एक क्रमांक असतो. पर्याय निवडला की विंडोज त्या प्रोग्रॅमच्या खिडकीला एक ठरावीक संदेश धाडते आणि हा क्रमांक त्यासोबत जातो. एकेकाळी घरोघरी गाणी वाजवणाऱ्या विनॅम्पमध्ये 40048 म्हणजे पुढचं गाणं, 40044 म्हणजे मागचं. स्क्रिप्टने हाच संदेश थेट पाठवला, तर मेन्यू उघडावाच लागत नाही. मेन्यू मराठीत असो की इंग्रजीत, फरक पडत नाही.

संदेश पाठवण्याच्याही दोन तऱ्हा आहेत: पोचपावती हातात येईपर्यंत खिडकीशी थांबणं, किंवा पत्र पेटीत टाकून चालू लागणं. छपाईच्या हुकमाने संवादचौकट उघडते. स्क्रिप्ट पोचपावतीसाठी थांबली असेल, तर चौकट बंद होईपर्यंत ती अडकते. कधी सोबत स्क्रीन रीडरचीही वाचा बसते. समोर चौकट उघडलेली आणि ती वाचणारा गप्प! म्हणून इथे पत्र टाकून निघालेलंच बरं.

धोके आहेतच. क्रमांक आवृत्तीगणिक बदलू शकतात. डोळसाला करडा दिसणारा, तात्पुरता बंद असलेला पर्यायही स्क्रिप्ट बेधडक मागू शकते. रिबन (मेन्यूऐवजी बटणांची पट्टी) किंवा वेबपानासारख्या नव्या मांडणीत असे क्रमांक सहसा मिळत नाहीत. तिथे ‘यूआय ऑटोमेशन’सारख्या व्यवस्थेकडून बटण नावाने शोधून दाबावं लागतं आणि प्रोग्रॅमरने बटणाला नावच दिलेलं नसेल, तर सगळंच खुंटतं. शिवाय हुकूम सोडून भागत नाही, तो तामील झाला का हेही बोलून सांगावं लागतं. नुसत्या कळा दाबणारा साधा मॅक्रो आणि स्क्रीन रीडरची स्क्रिप्ट यांत फरक पडतो तो इथेच.

हा धागा शेवटपर्यंत नेला तो पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांनी. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र शिकून त्यांनी 1994 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. 1995 मध्ये त्यांचं ‘इमॅक्सस्पीक’ आलं. मजकूर संपादनाच्या इमॅक्स या प्रोग्रॅमच्या हुकमांनाच त्यांनी वाणी जोडली. पडदा वाचणारा प्रोग्रॅम कॅलेंडरवर नुसते आकडे वाचत सुटतो. इमॅक्सस्पीक वार, तारीख, महिना, वर्ष सांगतं, कारण आकड्यामागचा अर्थ त्याला मुळातच ठाऊक असतो.

म्हणजे पडदा वाचून दाखवणं हे निम्मंच काम. हुकूम देता येणं आणि त्याचं उत्तर ऐकू येणं हे उरलेलं निम्मं, आणि ते प्रोग्रॅम बनवणाऱ्याच्या हातात आहे. आयएस 17802 हे सुगम्यतेचं भारतीय मानक 2023 मध्ये दिव्यांग हक्कांच्या नियमांत समाविष्ट झालं. तेव्हा ऑफिससाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला एवढं करून दाखवायला सांगा: मॉनिटर बंद, एनव्हीडीए चालू, माउस बाजूला, आणि एक बिल्टी छापून द्या.