मागिंदानावचा गव्हर्नर

'गव्हर्नर' हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें राजभवन, पट्टेवाले आणि समारंभ उभे राहतात. फिलिपाइन्समधील प्रांताचा गव्हर्नर निराळा. तो तीन वर्षांसाठीं लोकांच्या मतांनीं निवडला जातो, आणि त्याचा प्रांत आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढा, पुष्कळदां त्याहूनहि लहान असतो. २३ नोव्हेंबर २००९ रोजीं मागिंदानाव प्रांतांत या पदासाठीं नुसता उमेदवारीचा अर्ज दाखल करावयास निघालेलीं माणसें, आणि त्यांच्यामागून चाललेले कांहीं वाटसरू, मिळून ५८ जण मारले गेले. एवढ्याशा मुलखाच्या खुर्चीला हें मोल कां आलें, तें आज श्रोत्यांस सांगावयाचें आहे.

मागिंदानाव म्हणजे मिंदानाव बेटावरील भाताचा, मक्याचा आणि दलदलींतील मासळीचा मुलूख. वस्ती बहुतांशीं मुसलमान. 'दातु' म्हणविणारीं सरदार घराणीं तेथें शतकानुशतकें नांदत आलीं आहेत, आणि घराण्याघराण्यांतील वैराला 'रिदो' असा स्वतंत्र शब्दच आहे. परंतु सारा दोष या जुन्या वैरावर टाकणें मला पटत नाहीं. जुन्या दातूच्या हातीं जें नव्हतें तें नव्या कायद्यानें दिलें.

तो कायदा १९९१ सालचा. मार्कोस यांची हुकूमशाही १९८६ सालीं संपली. मनिला राजधानींत साचलेली सत्ता खालीं उतरावी, या चांगल्याच हेतूनें तो करण्यांत आला. दवाखाने, शेतकी सल्ला, समाजकल्याण हीं कामें प्रांत, म्युनिसिपालिट्या आणि 'बरांगाय' यांजकडे आलीं. (बरांगाय म्हणजे आपली ग्रामपंचायतच समजा, आणि म्युनिसिपालिटी म्हटली तरी खेड्यापाड्यांच्या प्रांतांत तिच्या हद्दींत घरांपेक्षां शेतेंच अधिक.) कामांबरोबर पैसाहि आला. राष्ट्राच्या अंतर्गत करांपैकीं शेंकडा ४० भाग या संस्थांना मिळूं लागला, आणि २०२२ पासून तर तो सर्व राष्ट्रीय करांवर धरला जातो. वांटणी लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि प्रत्येकीस समान हिस्सा या हिशेबानें होते. मख्खी येथेंच आहे. स्थानिक पट्टी किती गोळा केली याच्याशीं या रकमेचा संबंध नाहीं. मग रयतेला हिशेब देण्याची गरज ती काय? शिवाय नवी म्युनिसिपालिटी काढली कीं नवा हिस्सा आणि नवा मेयर. मागिंदानावांत अशा म्युनिसिपालिट्या भराभर निघाल्या.

पोलिसांचेंहि तसेंच. शिपाई राष्ट्राचे नोकर खरे, पण वरून आलेल्या यादींतून गांवचा पोलीस अंमलदार मेयर निवडतो आणि प्रांताचा गव्हर्नर निवडतो. त्यांतच २००६ सालीं अध्यक्षा आरोयो यांनीं गांवच्या राखणदारांना बंडखोरांविरुद्ध कामास लावण्याची मोकळीक दिली, आणि तिच्या आडून खासगी फौजा पोसल्या गेल्या. २००१ पासून गव्हर्नर असलेले आंदाल अंपातुआन, त्यांचा एक मुलगा २००५ पासून सबंध स्वायत्त मुस्लिम प्रदेशाचा गव्हर्नर, दुसरा मेयर! तिजोरी, पोलीस आणि बंदुका एकाच घरांत आल्या.

या घराविरुद्ध बुलुआनचे उपमेयर इस्माएल मंगुदादातु उभे राहिले. धमक्या आल्या, म्हणून अर्ज घेऊन त्यांनीं पत्नीला, बहिणींना, वकील स्त्रियांना पाठविलें आणि बरोबर वार्ताहर दिले. बायकांवर व वार्ताहरांवर कोणी हात टाकणार नाहीं, हा भरंवसा. त्या दिवशीं ३२ पत्रकार व वृत्तसंस्थांचे सेवक मेले. प्रेतें पुरण्यास जें खणणारें यंत्र आणलें होतें, तें प्रांत सरकारच्या मालकीचें होतें. सार्वजनिक मालमत्तेचा याहून भयंकर उपयोग मला तरी ठाऊक नाहीं.

खटला दहा वर्षें चालला. थोरले अंपातुआन २०१५ सालीं कैदेंतच वारले. १९ डिसेंबर २०१९ रोजीं त्यांच्या दोघां मुलांस दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. मंगुदादातु २०१० सालीं गव्हर्नर झाले. लागोपाठ तीन मुदतींहून अधिक काळ त्या पदावर कोणास राहतां येत नाहीं. तेव्हां २०१९ सालीं ते पायउतार झाले, आणि खुर्चीवर मरियम मंगुदादातु आल्या. त्या त्याच घराण्याच्या सून. त्यांनीं वाईट केलें असें मी म्हणत नाहीं. मुदतीचा नियम माणसाला अडवितो, आडनांवाला अडवीत नाहीं, एवढेंच दिसतें.

१९८७ च्या राज्यघटनेनें राजकीय घराणेशाहीस मनाई केली आहे, मात्र 'कायदा व्याख्या करील त्याप्रमाणें'. तो कायदा करावयाचा कायदेमंडळानें, आणि त्यांत याच घराण्यांचीं माणसें पुष्कळ. २०१६ सालीं बंदी आली ती बरांगायच्या युवकमंडळापुरती: उमेदवाराचा जवळचा नातलग अधिकारपदीं नसावा. गव्हर्नराच्या मुलास गव्हर्नर होण्याची आडकाठी तीमुळें आली नाहीं. पुढें १७ सप्टेंबर २०२२ रोजीं लोकांचा कौल घेऊन मागिंदानावचे उत्तर व दक्षिण असे दोन प्रांत करण्यांत आले. प्रत्येकास स्वतंत्र गव्हर्नर, स्वतंत्र तिजोरी, आणि राष्ट्राच्या करांतून स्वतंत्र हिस्सा.