ब्राउझर व शोधयंत्र
महाजालावर साठविलेली पृष्ठे मागवून ती वाचकाच्या पडद्यावर मांडणाऱ्या आज्ञावलीस ब्राउझर म्हणतात. या असंख्य पृष्ठांपैकी वाचकास उपयुक्त पृष्ठे कोणती व ती कोठे आहेत, हे सांगणाऱ्या यंत्रणेस शोधयंत्र अथवा सर्च इंजिन म्हणतात. क्रोम व फायरफॉक्स हे ब्राउझर होत; गूगल व बिंग ही शोधयंत्रे होत. ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीतच शोधशब्दही लिहिता येत असल्याने या दोहोंत पुष्कळदा गल्लत होते. ग्रंथालयाच्या परिभाषेत बोलावयाचे, तर ब्राउझर हा ग्रंथ आणून देणारा सेवक व शोधयंत्र ही ग्रंथसूची होय.

इतिहास : जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये महाजालाची कल्पना मांडली व १९९० मध्ये पहिला ब्राउझर तयार केला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेइक (१९९३) या ब्राउझरमध्ये मजकुराबरोबरच चित्रेही दिसू लागल्याने महाजालाचा प्रसार झपाट्याने झाला. शोधयंत्रांचा पूर्वसूरी म्हणजे मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी रचलेले आर्ची (१९९०); ते केवळ फायलींची नावे शोधीत असे. पृष्ठांतील संपूर्ण मजकूर शोधण्याची सोय वेबक्रॉलर (१९९४) व अल्टाव्हिस्टा (१९९५) यांनी रूढ केली. लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल ही कंपनी स्थापन केली.

ब्राउझरचे कार्य : वाचकाने पत्ता दिल्यावर ब्राउझर प्रथम नामप्रणालीच्या साह्याने त्या नावाशी निगडित अंकात्मक पत्ता मिळवितो. त्या पत्त्यावरील सर्व्हरकडे तो पृष्ठाची मागणी करतो. उत्तरादाखल आलेल्या सांकेतिक मजकुरावरून पृष्ठाची रचना ठरवून, चित्रे स्वतंत्रपणे मागवून, तो पृष्ठ साकार करतो. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असल्यास मधल्या मार्गात मजकूर सांकेतिक रूपात प्रवास करतो. मात्र पृष्ठावरील माहिती खरी असल्याची ती ग्वाही नव्हे.

शोधयंत्राचे कार्य : प्रश्न विचारला जाताच शोधयंत्र महाजाल धुंडाळू लागते, हा समज चुकीचा आहे. त्याच्या आज्ञावल्या एका पृष्ठावरील दुव्यांवरून दुसऱ्या पृष्ठावर जात आगाऊच पृष्ठे गोळा करतात. त्यांतील शब्दांची, ग्रंथाच्या शेवटी असते तशी, शब्दसूची तयार होते. ‘कोयना धरण’ असे विचारल्यास ‘कोयना’ व ‘धरण’ या दोन्ही शब्दांखाली नोंदलेली पृष्ठे निवडली जातात. नंतर त्यांचा क्रम लावला जातो. ज्या पृष्ठाकडे अनेक महत्त्वाची पृष्ठे दुव्यांद्वारे निर्देश करतात ते अधिक महत्त्वाचे, हे पेज व ब्रिन यांचे तत्त्व होते. आता इतरही अनेक निकष लावले जातात. क्रमाने वर असणे म्हणजे विश्वसनीय असणे नव्हे. ‘प्रायोजित’ अशी खूण असलेल्या नोंदी तर मोबदला देऊन लावलेल्या जाहिराती असतात. २०२४ पासून गूगलने अनेक देशांत संगणकाने रचलेला उत्तराचा गोषवारा निकालांच्या वर देण्यास आरंभ केला. त्यातही चुका संभवतात, म्हणून मूळ पृष्ठ पाहणे आवश्यक ठरते.

मराठी मजकुराचा शोध : जे सूचीत नाही, ते शोधणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. मराठीच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. तथापि पुष्कळ मराठी मजकूर दीर्घकाळ परस्परांहून भिन्न अशा टंकांत लिहिला गेला. त्यांत पडद्यावर ‘नदी’ असे दिसले, तरी संगणकात बहुधा रोमन अक्षरांचेच संकेत साठविलेले असत. म्हणून युनिकोडमधील शोधशब्दाशी ते जुळत नसत. केवळ छायाचित्ररूपात ठेवलेल्या जुन्या ग्रंथांतील अक्षरेही यंत्राने ओळखल्यावाचून सूचीत येत नाहीत. शिवाय ‘नदी’, ‘नदीचा’, ‘नद्यांमध्ये’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे यंत्रास शिकवावे लागते. त्यामुळे एका रूपाने शोध निष्फळ ठरल्यास अन्य रूपे व पर्यायी लेखन योजून पाहावे. निकाल न मिळणे हा माहिती नसल्याचा पुरावा नव्हे.