‘रोबोट’ : वेठ आणि मैत्री

‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या चेक नाटकातून रूढ झाला. मूळ ‘रोबोता’ म्हणजे वेठ. कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्याला हा अर्थ कोशात शोधावा लागू नये. उचल घेऊन वीटभट्टीवर राबणारी कातकरी कुटुंबे त्याच्या परिसरातलीच. १९७६च्या कायद्याने वेठबिगारीवर बंदी आली, उचल मात्र राहिली.

नाटकातले बंडखोर रोबोट माणसांचा संहार करतात. वाचवतात ते एकट्या अल्क्विस्टला, कारण तोही त्यांच्यासारखाच हातांनी काम करतो. मैत्रीची शक्यता येथे दयेतून नव्हे, समान श्रमातून निर्माण होते, हे लक्षात घ्यावे. मालकाने नेमलेले प्रयोजन गळून पडलेले हे रोबोट जीवनाचे रहस्य त्याच्याकडेच मागतात. त्याला ते ठाऊक नसते. अखेर प्रायमस आणि हेलेना हे दोन रोबोट परस्परांसाठी मरण्यास सिद्ध होतात, तेव्हा तो त्यांना जाऊ देतो.