इन्सुलिनची साठवण

इन्सुलिनची साठवण म्हणजे मधुमेहावरील इन्सुलिन हे टोचून घ्यावयाचे औषध औषधाच्या दुकानातून घेतल्यापासून शेवटची मात्रा संपेपर्यंत योग्य तापमानात, उन्हापासून दूर आणि न गोठू देता सांभाळणे होय. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे, असे उत्पादक सांगतात. ज्या भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि वीजपुरवठा खंडित होतो, तेथे हा नियम पाळणे अवघड असते. हिंगोली जिल्ह्यातील कनेरगाव नाका आणि आसपासचा विदर्भ-मराठवाडा सीमेवरचा प्रदेश हे त्याचे उदाहरण आहे. या लेखात प्रामुख्याने अशा भागातील घरगुती साठवण आणि प्रवास यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी जॉन मॅक्लिओड यांच्या प्रयोगशाळेत लावला. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मुलाला टोचण्यात आले. पुढे अनेक दशके हे औषध गुरे व डुकरे यांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई. जनुकतंत्राने बनविलेले मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. भारतात वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये स्वतः विकसित केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. त्याचा कारखाना मराठवाड्यातच, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे आहे. औषध इतक्या जवळ तयार होत असले, तरी कारखान्यातील शीतगृहापासून खेड्यातील घरापर्यंतचा त्याचा शेवटचा टप्पा सर्वांत कच्चा असतो.

औषध कशाने बिघडते

इन्सुलिन हे प्रथिन आहे. ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या (एक २१ ची, दुसरी ३० ची) गंधकाच्या बंधांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि त्यांची विशिष्ट घडी पडलेली असते. ही घडी टिकली तरच औषध काम करते. उष्णतेने घडी हळूहळू उलगडते व रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे सूक्ष्म तंतू तयार होतात. जोराने हलविल्यानेही हेच घडते, विशेषतः बाटलीत हवा असताना. अंड्याचा पांढरा भाग शिजला की पुन्हा पातळ होत नाही, त्याप्रमाणे उलगडलेले इन्सुलिन थंड केल्याने पूर्ववत होत नाही.

उष्णता आणि गोठणे यांच्या परिणामांत मोठा फरक आहे. उष्णतेचे नुकसान दिवसादिवसाने साचत जाते. गोठण्याचे नुकसान मात्र एकदाच आणि कायमचे होते. दुधाळ दिसणाऱ्या दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनमध्ये बारीक स्फटिक तरंगत असतात. ते गोठले की गुठळ्या होतात व प्रत्येक वेळी सिरिंजमध्ये येणाऱ्या औषधाचे प्रमाण बदलते. म्हणून एकदा गोठलेले इन्सुलिन, वितळल्यावर ते चांगले दिसत असले तरी, वापरू नये. लोक उष्णतेची धास्ती घेतात आणि बर्फाला सुरक्षित मानतात. प्रत्यक्षात बर्फाला चिकटून ठेवलेली बाटली उन्हाळ्यातील काही तासांपेक्षा अधिक धोक्यात असते.

तापमानाच्या मर्यादा

न उघडलेली बाटली किंवा कार्ट्रिज २ ते ८ अंशांत ठेवल्यास वेष्टनावरील मुदतीपर्यंत चांगले राहते. वापरात असलेले इन्सुलिन बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांपर्यंतच्या खोलीच्या तापमानात सुमारे २८ दिवस वापरता येते. काही प्रकारांत ही मुदत अधिक असते, म्हणून सोबतचे माहितीपत्रक पाहावे.

हे २८ दिवस अनेकांच्या ध्यानात येत नाहीत. भारतात सर्रास मिळणाऱ्या १० मिलिलिटरच्या बाटलीत दर मिलिलिटरला ४० युनिट, म्हणजे एकूण ४०० युनिट औषध असते. रोज २० युनिट घेणाऱ्याची बाटली २० दिवसांत संपते. रोज १० युनिट घेणाऱ्याला तीच बाटली ४० दिवस पुरते, म्हणजे शेवटचे १२ दिवस तो मुदत उलटलेले औषध टोचत असतो. महागामोलाचे औषध टाकून देणे कोणालाही जड जाते. कमी मात्रा घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून ३ मिलिलिटरच्या कार्ट्रिजचा पर्याय विचारात घ्यावा. मात्र कार्ट्रिजमध्ये दर मिलिलिटरला १०० युनिट असतात. त्यातील औषध ४० युनिटच्या सिरिंजने ओढल्यास मात्रा अडीचपट होते, म्हणून कार्ट्रिज तिच्या पेनमध्येच वापरावे. बाटली कोणतीही असो, ती उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी.

या मर्यादा किती ताठर आहेत, याविषयी संशोधकांत चर्चा आहे. पुदुच्चेरी येथील जिपमर संस्थेच्या २००९ मधील अभ्यासात ३२ व ३७ अंशांत २८ दिवस ठेवलेल्या इन्सुलिनची शक्ती घटल्याचे आढळले. उलट, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संघटना व जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातील दादाब निर्वासित छावणीतील घरांमध्ये तापमान मोजले. २५ ते ३७ अंशांमधील त्या चढउतारात चार आठवडे ठेवूनही इन्सुलिनची शक्ती टिकते, असे त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. न उघडलेले मानवी इन्सुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने फारशी शक्ती न गमावता राहू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. उत्पादक मात्र सहसा न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांतच ठेवायला सांगतात. ज्याच्या घरी फ्रीज नाही त्याला हे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत, पण ज्याच्याकडे आहे त्याने तो बंद करावा असा त्यांचा अर्थ नव्हे. शिवाय या आकड्यांची वरची हद्द ३७ अंश आहे. पत्र्याच्या छपराखालील खोली मे महिन्याच्या दुपारी ही हद्द सहज ओलांडते.

कनेरगाव नाका परिसरातील परिस्थिती

कनेरगाव नाका हे हिंगोली तालुक्यातील गाव हिंगोली-वाशीम रस्त्यावर आणि अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर आहे. पलीकडे वाशीम जिल्हा, म्हणजे विदर्भ सुरू होतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. येथे एप्रिल-मे महिन्यांत हवा अतिशय तापते व कोरडी असते, तर जूनपासून ती दमट होते. साठवणीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. त्याचे कारण पुढे माठाच्या संदर्भात आले आहे.

या परिसरातील खेड्यांतून औषध आणण्यासाठी पुष्कळदा हिंगोली किंवा वाशीम गाठावे लागते. परतीचा प्रवास एसटी, काळीपिवळी किंवा मोटारसायकल यांनी होतो. दुकानदार कधी बाटलीसोबत बर्फाचा तुकडा त्याच पिशवीत टाकून देतात. अशा वेळी बाटली कागदात आणि वर कापडात गुंडाळून मग बर्फाजवळ ठेवावी. त्याहून बरे म्हणजे घरून थंड पाण्याने भरलेली बाटली आणि रुंद तोंडाचा थर्मास घेऊन जाणे.

घरातील फ्रीज

खेड्यांत व लहान शहरांत बहुधा एकदारी फ्रीज असतो. त्यात वरचा बर्फाचा कप्पा व त्याच्या खालचा ट्रे या जागा इन्सुलिनसाठी वर्ज्य मानाव्यात. मागची भिंतही टाळावी, कारण तिला टेकलेली वस्तू गोठू शकते. औषध झाकणाच्या डब्यात घालून मधल्या फळीवर पुढच्या बाजूस ठेवणे योग्य. दाराच्या कप्प्यात गोठण्याची भीती नसते, पण दार उघडझाक झाल्याने तापमान वरखाली होते. साधा तापमापक आत ठेवल्यास शंका मिटते. औषध फ्रीजमध्ये आहे एवढ्याने ते योग्य तापमानात आहे असे होत नाही. युरोप-अमेरिकेतील रुग्णांच्या फ्रीजमध्ये संवेदक ठेवून केलेल्या व २०१८ मध्ये मांडल्या गेलेल्या एका अभ्यासात बहुसंख्य घरांत तापमान शिफारशीबाहेर गेल्याचे दिसले होते.

भारनियमनाच्या काळात फ्रीज रिकामा नसावा. पाण्याने भरलेल्या बाटल्या आत ठेवल्या, तर वीज गेल्यावर आतील गारवा अधिक वेळ टिकतो. वीज नसताना दार उघडू नये. काही घरांत हिवाळ्यात बिल वाचविण्यासाठी फ्रीज बंद करतात. तसे करताना आत औषध आहे का, हे पाहणे घरातील कोणीतरी एकाने आपल्या अंगावर घ्यावे.

वापरातील बाटली फ्रीजमध्येच ठेवत असल्यास टोचण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर काढावी, कारण थंड औषध अधिक दुखते. दुधाळ इन्सुलिन दोन्ही तळव्यांत हलके फिरवून एकजीव करावे, खळखळवू नये. पेनला सुई लावून ठेवू नये. तापमान बदलताच सुईवाटे हवा आत शिरते किंवा औषध गळते.

माठ आणि मडके

फ्रीज नसलेल्या घरी मातीचे मडके हा चांगला उपाय आहे. सच्छिद्र मातीतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना लागणारी उष्णता मडक्यातून घेतली जाते. त्यामुळे आतील तापमान उतरते. हे तापमान किती उतरेल याची खालची मर्यादा हवेतील आर्द्रतेवर अवलंबून असते. हवा ४० अंश तापलेली व आर्द्रता २० टक्के असेल, तर ही मर्यादा सुमारे २३ अंश येते. पावसाळ्यात हवा ३२ अंश व आर्द्रता ८० टक्के असताना ती सुमारे २९ अंश असते, म्हणजे तीनच अंशांचा लाभ. प्रत्यक्ष मडके या मर्यादेच्या काही अंश वरच राहते. ज्या कोरड्या मे महिन्यात त्याची सर्वाधिक गरज असते, त्याच महिन्यात ते सर्वांत चांगले काम देते, ही मराठवाड्यासाठी सोयीची गोष्ट आहे.

रीत अशी आहे : एका मोठ्या मडक्यात वाळूचा थर देऊन त्यावर लहान मडके बसवावे. दोहोंमधील पोकळीत वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ पाण्याने ओली करावी. औषध घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घालून लहान मडक्यात ठेवावे, तोंडावर ओले फडके टाकावे. मडके सावलीत पण वारा लागेल अशा जागी असावे. बंद कपाटात ठेवलेल्या मडक्याचा उपयोग नाही, कारण दमट झालेली हवा तेथून हलत नाही. मडके नवे असेल तर एक-दोन दिवस पाणी भरून मुरू द्यावे. तेलकट किंवा रंग दिलेले मडके झिरपत नाही. जाड मातीच्या भिंतीचे माळवद असलेले जुने घर असेल, तर खालच्या कोनाड्यात ठेवलेले मडके पत्र्याच्या खोलीतील मडक्याहून गार राहते.

मडक्यातून २ ते ८ अंश मिळत नाहीत. म्हणून त्यात वापरातील बाटली ठेवावी आणि साठा महिन्याभराहून अधिक करू नये. जास्तीच्या बाटल्या गावातील फ्रीज असलेल्या विश्वासू घरी ठेवणे शक्य असते.

प्रवास

प्रवासात औषध नेहमी हातातील पिशवीत, अंगाजवळ असावे. एसटीच्या इंजिनावरचे झाकण, टपावरचे सामान, मोटारीचा समोरचा काचेखालचा भाग आणि मोटारसायकलची डिकी या जागा टाळाव्यात. उन्हात बंद उभ्या केलेल्या मोटारीत तापमान बाहेरच्यापेक्षा फार वाढते, म्हणून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणूनही औषध आत सोडू नये. विमानाने जाताना ते सामानकक्षात देऊ नये, तेथे ते गोठण्याचा संभव असतो. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असल्यास सुरक्षा तपासणीत अडचण येत नाही.

थर्मास थंड पाण्याने विसळून, कोरडा करून त्यात कापडात गुंडाळलेली बाटली ठेवली तर दिवसभराचा प्रवास निभतो. पाण्यात भिजवून फुगणारे कण भरलेल्या पिशव्याही मिळतात. त्यांचे तत्त्व मडक्याचेच असल्याने त्या प्लास्टिकमध्ये कोंबू नयेत. पंढरीची वारी पायी करणारे, शेतातील आखाड्यावर मुक्कामी असणारे आणि ऊसतोडीसाठी महिनोन्महिने कोपीत राहणारे मधुमेही यांचा प्रवास काही दिवसांचा नसतो. अशांनी औषध दोन ठिकाणी विभागून ठेवावे. एक साठा हरवला वा तापला, तर दुसरा हाताशी राहतो. ओले फडके गुंडाळलेली लहान मातीची सुरई कोपीतही चालते.

बिघडलेले औषध ओळखणे

पारदर्शक इन्सुलिन गढूळ किंवा पिवळसर दिसले, त्यात तंतू वा कण दिसले, दुधाळ इन्सुलिन फिरवूनही एकजीव झाले नाही किंवा काचेला आतून दाणे चिकटलेले दिसले, तर ते वापरू नये. अडचण ही की शक्ती गमावलेले इन्सुलिन पुष्कळदा चांगल्यासारखेच दिसते. आहार व मात्रा तीच असताना रक्तातील साखर काही दिवस सतत वाढलेली राहिली, तर साठवणीवर संशय घ्यावा.

येथे एक धोका लपलेला आहे. साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर मात्रा वाढवितात. बाटली उन्हाने क्षीण झालेली आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. नंतर नवी, पूर्ण शक्तीची बाटली उघडली जाते आणि वाढविलेली मात्रा तशीच घेतली जाते. साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, भोवळ आणि वेळीच साखर न दिल्यास बेशुद्धी येऊ शकते. म्हणून औषध घरी कोठे व कसे ठेवले आहे, हे रुग्णाने डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

उलट बाजूस, औषध तापले असेल या शंकेने मात्रा बंद करणे अधिक घातक आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन थांबल्यास काही तासांपासून एक-दोन दिवसांत रक्तात आम्ले साचतात व जिवावर बेतते. दुसरी बाटली मिळेपर्यंत आहे ते, गोठलेले किंवा गढूळ झालेले नसल्यास, घेत राहावे, साखर वरचेवर तपासावी आणि शक्य तितक्या लवकर डॉक्टरांना गाठावे.

इतर इंजेक्शने

घरी टोचून घेण्याच्या इतर औषधांचे नियम वेगवेगळे आहेत. वाढीचे संप्रेरक बहुधा फ्रीजमध्ये ठेवावे लागते. हाडांच्या ठिसूळपणावरील टेरिपॅराटाइडचे पेन वापरात असतानाही फ्रीजमध्येच ठेवतात. सेमाग्लुटाइडचे पेन उघडल्यावर ३० अंशांखाली काही आठवडे बाहेर चालते. रक्त पातळ ठेवणारे एनॉक्सापॅरिन व तीव्र ॲलर्जीवरील ॲड्रेनलिनचे पेन मात्र खोलीच्या तापमानातच ठेवायचे असतात, ते फ्रीजमध्ये ठेवू नयेत.